खालून वर लिहिलेला साईड ड्रम

आमच्या घरात कोणी बहिरं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण बाबा आज असते तर पहिलं वाक्य त्यांनी हेच लिहायला लावलं असतं. रेडिओ फुल्ल, दाराची कडी कोणी वाजवली तर वाजतच राहायची, आई चुलीपासून चार वेळा "चहा घ्या" म्हणून ओरडायची आणि पाचव्या वेळी बाहेर येऊन कप हातात द्यायची. पण बहिरं? छे! "मना सगलं आयकू येतं, तुमीच हलू बोलताव," म्हणून बाबा विषय संपवायचे. आणि आम्ही हळू बोलणाऱ्या मायलेकी घसा बसेपर्यंत किंचाळत राहायचो.

बाबा भिवंडीच्या निजामपुऱ्यात एका यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. लूम बिघडला की हाक जॉबरला. बावीस वर्षं त्यांनी त्या खडखडाटात काढली. शेडमध्ये तसंही कोणी कोणाचं ऐकत नाही, ओठ बघायचे आणि बोटांच्या खुणा करायच्या, त्यामुळे तिथं बाबांचं काहीच अडत नव्हतं. उलट मेहता, म्हणजे मालकाचा कारभार बघणारा, म्हणायचा, या जॉबरला एकदा सांगितलं की पुरतं. मेहत्याला घरी चहा प्यायला बोलवायला हवं होतं.

घोटाळा व्हायचा तो बँडात. शुक्रवारी लूम बंद, आणि लग्नसराईत शिफ्ट बदलून घेऊन बाबा गावाकडच्या बँडात साईड ड्रम वाजवायचे. क्लॅरिनेट, ट्रंपेट, मोठा ढोल, झांज, खुळखुळा आणि बाबा. कारखान्यात ते "ए जॉबर" होते. बँडचा लाल कोट चढवून, पट्टा खांद्यावर टाकून उभे राहिले की आमच्या गावातली, दिघाशीतली माणसं त्यांना रस्ता द्यायची. मी लहान असताना त्या कोटाची सोनेरी बटणं लिंबाने घासून द्यायचे, आणि सगळ्यात ताठ कोण चालतं हे मला बघावं लागायचं नाही.

तर एका साखरपुड्यात बँडच्या मास्तरांनी गाणं तोडलं, सगळे जागच्या जागी थांबले, आणि त्या शांततेत बाबांचा एक ठोका पडला. एकच. टण्ण! दुसऱ्या लग्नात पुन्हा. अर्धा ठोका उशीर, पण शांततेत अर्धा ठोका म्हणजे काय ते ज्याच्या बापाने मारलाय त्यालाच कळतं. नवऱ्या मुलाचा मामा खो खो हसला. मामाला हसायला फार काही लागत नसावं.

आठवडाभराने मास्तर आमच्या घरी आले. मास्तर म्हणजे बँडचे मालक आणि क्लॅरिनेटवाले, पूर्वी कुठल्याशा गिरणीच्या बँडात होते, आणि अख्ख्या तालुक्यात नोटेशन वाचता येणारा एकमेव माणूस आपणच, हे ते न विचारता सांगत. त्यांनी चहा घेतला, बशी पुसून ठेवली, आणि बाबांकडे न बघता आईला म्हणाले, "वहिनी, तुळशीचं लगीन झालं की सरपंचाच्या पोरीचं लगीन हाय. तिथं जर जॉबर परत चुकला, तर साईड मी दुसऱ्याला देनार. मग मना बोलू नका." बाबांनी विचारलं, "काय म्हनतंय?" आई म्हणाली, "चहा छान झालाय म्हणतायत." बाबांनी मास्तरांचे ओठ वाचले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. पण आमच्या घरात कोणी बहिरं नव्हतं, त्यामुळे विषय तिथंच संपला.

मी तेव्हा भिवंडीत एका दुकानात कंप्युटरवर लग्नपत्रिका बसवायचे. दुकान चाचांचं. पुढे झेरॉक्स मशीन, मागे पंखा, आणि पंख्याखाली मस्कतहून आलेला कंप्युटर. पंखा कंप्युटरसाठी होता, गैरसमज नको. चाचांच्या भाच्याला तिकडे संगीताची हौस लागली, म्हणून त्याने गाण्यांचं नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर त्यात भरून घेतलं. मग हौस फिटली आणि त्याने सगळं धूड मामाच्या गळ्यात मारलं. सोबत मॅन्युअल होतं, झेरॉक्सची झेरॉक्स, त्यातली डावीकडची सगळी पानं अर्धी कापलेली.

माझ्या डोक्यात तेव्हा एक महान कल्पना आली. बाबांना मास्तरांचा इशारा ऐकू येत नाही ना? मग ऐकायचंच कशाला! गाणं किती ओळी, तोडा कुठं, थांबायचं कुठं, सगळं कागदावर लिहून द्यायचं. त्यांनी मोजत वाजवायचं आणि जिथं कागद म्हणेल तिथं थांबायचं. इतकी सोपी गोष्ट इतक्या वर्षांत कोणाला सुचली नाही, याचं मला तेव्हा फारच कौतुक वाटलं. अर्थात, स्वतःचं.

मास्तरांना गाठून मी प्रत्येक गाण्याची ओळवार बांधणी लिहून घेतली. घरी बाबांना पत्र्याच्या डब्यावर ठोके वाजवायला लावले आणि उजवा हात कुठं, डावा कुठं, ते वहीत उतरवलं. मग दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने आणि माऊस दुसऱ्या हाताने, असं माझं संगीतकार्य सुरू झालं.

सॉफ्टवेअरचं म्हणणं होतं की ड्रम पाच रेघांवर लिहायचा. एका ड्रमला पाच रेघा! वर प्रत्येक ठोक्याला एक शेपूट, शेपटाला झेंडा, आणि झांजेला फुली. पहिलं पान मी मोठ्या अभिमानाने घरी नेलं. बाबांनी ते दिव्याजवळ धरलं, लांब धरलं, आणि म्हणाले, "ही कापरं वालत घातलीत काय?"

मग मी त्या कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या उतरवायला बसले. मॅन्युअलच्या अर्ध्या पानांवरून कळलं की रेघा कमी करता येतात, पण ती खिडकी एका मेनूच्या आतल्या मेनूच्या आत दडवून ठेवलेली होती. कोणी चोरून नेईल अशी भीती असावी. पाचाच्या जागी एक आकडा टाकला. रेघ एक झाली, पण ठोके होते तिथंच लटकले, काही हवेत, काही जमिनीखाली. कारण कुठला ड्रम कुठल्या उंचीवर दिसायचा याचा आणखी एक वेगळा तक्ता होता. तक्त्यात जगातले सगळे ड्रम होते, आमचा सोडून. मी एका परक्या ड्रमची जागा आमच्या साईडला दिली, उजवा हात रेघेच्या वर, डावा खाली. शेपटं अदृश्य केली. फाईल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली, तर पाचही रेघा हसतमुखाने हजर! का, तर बदल त्या फाईलपुरता ठेवायचा की कायमचा, हे विचारणारी खिडकी मी इंग्रजी बघून घाईत बंद केली होती. कपाळ माझं.

आणि छपाई तर विचारूच नका. प्रिंटरला संगीताची अक्षरं ओळखीची नव्हती, त्याला फक्त आमचा लग्नपत्रिकेचा मराठी फाँट माहीत. मग त्याने प्रत्येक ठोक्याच्या जागी बेधडक "ज्ञ" छापला. पानभर ज्ञ ज्ञ ज्ञ. चाचांनी कागद उचलला, चष्मा वर केला आणि विचारलं, "बेटा, ये किसकी शादी है?"

उत्तर मला झेरॉक्स मशीनने दिलं. एका कारखान्याचा माणूस डॉबीचा कागद झेरॉक्स करायला आला. डॉबी म्हणजे लूमवर नक्षी काढायचा जोड. कुठला धागा कधी उचलायचा, ते चौकोनी घरांच्या कागदावर काळी घरं भरून लिहितात, आणि जॉबर त्या कागदाबरहुकूम लाकडी पट्ट्यांत खुंट्या बसवतो. काळं घर म्हणजे खुंटी, पांढरं घर म्हणजे नाही. माझे बाबा असा कागद चहा पिता पिता वाचायचे. अगं बाई, म्हटलं, यांना वाचता येतंच की! आपणच यांना अडाणी समजून दोऱ्या दाखवत बसलोय.

मग काय, ठोक्याचं गोल डोकं काढून चौकोनी केलं. मॅन्युअलमध्ये चौकोनी डोकं कुठल्यातरी आदिवासी वाद्यासाठी ठेवलेलं होतं. असू दे, आम्हाला चाललं. जिथं ठोका नाही तिथली विरामाची वाकडी चिन्हं काढून रिकामा चौकोन बसवला. एका ओळीत सोळा घरं. प्रिंटरला समजावण्यासाठी ते चौकोन आमच्या मराठी फाँटातल्या, पत्रिकेच्या कडेला लावायच्या नक्षीतून उचलले, म्हणजे साहेबांना परकं वाटायला नको. या सगळ्यात दोन पत्रिका उशिरा गेल्या आणि एका नवरदेवाच्या आजोबांचं नाव राहिलं. आजोबांनी दुकानात येऊन माझा उद्धार केला. मान खाली घालून ऐकला.

घरी पान दिलं. बाबांनी एकदा बघितलं आणि डब्यावर सरळ वाजवायला सुरुवात केली. मी एका गाण्याचा पहिल्या ओळीपुरताच कागद नेला होता, आणि ती ओळ त्यांनी जशीच्या तशी वाजवली. "बग," म्हणाले, "आता नीट लिवलंस." आई पदर डोळ्याला लावून आत गेली. मी अशी फुगले की विचारू नका. त्या आनंदात मी अख्खं गाणं छापलं, बारा ओळी, एका पानावर, आणि शुक्रवारी सरावाला शाळेच्या पटांगणात मास्तरांच्या देखत बाबांच्या समोर ठेवलं.

मास्तरांनी मान हलवली. गाणं सुरू झालं. आणि बाबांनी पहिल्याच ओळीत ते संपवलं. शेवटचा तोडा कडकडून वाजवला, काठ्या छातीशी आडव्या धरल्या आणि क्षणभर रुबाबात थांबले. बाकीचा बँड नुकता कुठं गाण्यातल्या नवरीच्या दारात पोचत होता. मग बाबांनी श्वास घेतला आणि पुढचं, म्हणजे मागचं, वाजवायला सुरुवात केली. ढोलवाला इतका हसला की त्याच्या हातातली काठी पडली.

"जॉबर," मास्तर ओरडले, "वरात उलटी चालली काय?"

बाबा माझ्याकडे बघत होते, चेहरा लाल. "मी बरोबर वाजवलं," म्हणाले. "खालनं वर."

बोंबला! डॉबीचा कागद खालून वर वाचतात. पहिली खुंटी सगळ्यात खालच्या ओळीची, कारण कापड तसंच चढत जातं. मी त्यांना म्हटलं, बाबा, हा कागद वरून वाचायचा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी लुंगी डोक्याला गुंडाळायला सांगितली. "वरनं खाली कोन विनतो?" प्रयत्न केला हो त्यांनी, दोन शुक्रवार केला. पण गाणं रंगात आलं की नजर आपोआप तळाशी जायची. बावीस वर्षांची सवय माझ्या पंधरा दिवसांच्या संगीतकार्याला कशाला भीक घालेल?

कागद उलटा धरला तर ओळी खालून वर आल्या, पण घरं उजवीकडून डावीकडे पळायला लागली. चाचा म्हणाले, "ये मेरे को दे दो, मैं पढ़ लूंगा, उर्दू की तरह." मी मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटच्या अर्ध्या पानापर्यंत धुंडाळलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस चौदा प्रकारची डोकी निवडू शकत होता, रेघांची जाडी केसाएवढी बारीक करू शकत होता, पण पहिली ओळ खाली ठेवू शकत नव्हता. हे जगात कोणाला लागेल, असं त्यांना वाटलंच नसणार. मग शेवटी मी कात्री घेतली. सगळ्या ओळी कापल्या, खालून वर चिकटवल्या आणि चाचांच्या मशीनवर झेरॉक्स काढली. एवढ्या मोठ्या मस्कतच्या कंप्युटरचं काम डिंकाच्या बाटलीने पूर्ण केलं.

आणि जमलं! खरंच जमलं. पुढच्या प्रत्येक शुक्रवारी बाबा लोखंडी खुर्चीच्या पाठीला चिमट्याने कागद लावायचे, नजर तळाच्या ओळीवर ठेवायचे आणि वर चढत जायचे. थांबा म्हणजे थांबा. अर्धा सोडा, पाव ठोकाही इकडचा तिकडे नाही. मास्तर खूश झाले. तोंडाने नाही बोलले, ते त्यांना परवडत नसे, पण बाबांच्या पाठीवर थाप मारली. घरी बाबा आईला म्हणाले, "पोरीनं लिवलंय, मी वाजवतो." हे वाक्य त्यांनी त्या महिन्यात किती वेळा, किती जणांना ऐकवलं त्याची गणती नाही. शेडमध्ये खुणांनीसुद्धा सांगितलं असणार.

सरपंचांच्या मुलीचं लग्न दुपारचं होतं. मांडवभर माणसं, बायकांच्या अंगावर ठेवणीतले दागिने, आणि कोपऱ्यात लाल कोटांची रांग. बाबांच्या समोर खुर्ची, खुर्चीला माझा कागद. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते आणि शेजारणीला कोपर मारून दाखवत होते, तो कागद बघ, मी केलाय.

आता ऐका. आमच्याकडच्या लग्नात धवलारीण असते. म्हातारी बाई, हळदीपासून सगळे विधी धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाऊन तीच लावते. आणि तिने हात वर केला की बँड कुठल्याही गाण्याच्या कुठल्याही ओळीत असो, जागच्या जागी गप्प होतो. तिच्या पुढे मास्तरसुद्धा नाही. हे मला जन्मापासून माहीत होतं. शंभर लग्नांत बघितलं होतं. आणि मी, चौदा प्रकारच्या डोक्यांमधून चौकोनी डोकं निवडणारी शहाणी, हे साफ विसरले होते. तिचा हात कधी वर जाणार हे कुठल्या घरात छापणार होते मी?

पाचवी ओळ सुरू असताना तिने हात वर केला. क्लॅरिनेट थांबलं. ट्रंपेट थांबलं. ढोल, झांज, खुळखुळा, सगळं थांबलं.

बाबा थांबले नाहीत. नजर कागदावर, ओठ मोजतायत, एक घर चुकत नव्हतं. सुरुवातीला लोकांना वाटलं, हा काही खास प्रकार असेल. मग कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मास्तर लांबून हात हलवत होते, म्हातारी हात वर धरून तशीच उभी होती, आणि सगळ्या मांडवात फक्त माझ्या बापाचा साईड ड्रम वाजत होता. इतका स्वच्छ, इतका बरोबर मी तो कधी ऐकला नव्हता. मी बायकांना ढकलत पळाले आणि ड्रमच्या चामड्यावर तळहात ठेवला.

त्यांनी रागाने माझ्याकडे बघितलं, ऐन ओळीत हात घातला म्हणून. मग त्यांनी मान वर केली. मास्तरांकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. चिमट्यातून कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

"कुठं थांबली सगली?" त्यांनी विचारलं. अगदी हळू आवाजात.

बाबा जिथं पोचले होते त्याच्या एकच घर अलीकडे मी बोट ठेवू शकले असते. आत्ताच थांबले हो, म्हणू शकले असते. मी खरी जागा दाखवली. बाबांनी तिथून काठीच्या टोकाने, आपण एकट्याने किती वाजवलं ते वर मोजायला सुरुवात केली. एक ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीची अकरा घरं.

मला तिथं उभ्या उभ्या कळलं. आधी ते अर्धा ठोका उशिरा थांबायचे, कारण ते बघून थांबायचे. क्लॅरिनेटवाल्या मास्तरांचे गाल, ढोलवाल्याचे खांदे, म्हातारीचा हात. कोणाला पत्ता न लागू देता ते इतकी वर्षं डोळ्यांवर सगळं निभावत होते. मी ते डोळे कागदाला चिकटवून ठेवले.

मास्तर आमच्याकडे यायला निघाले होते. ते पोचायच्या आत बाबांनी खांद्यावरचा पट्टा काढला, ड्रम खुर्चीवर ठेवला आणि कागदाची नीट घडी करून माझ्या हातात दिली. मग धवलारणीकडे वळून म्हणाले, "आये, गा तू. माजं झालं."

तिने हात खाली घेतला आणि धवला सुरू केला. बाबा तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, आणि त्यांच्याकडे वर बघायची माझी छाती झाली नाही.